जुन्या मोटारीचे मूळ रूप

‘गाडी पुन्हा मूळ रूपात आणायची आहे’ असे सांगून एखादी जुनी फियाट गॅरेजमध्ये उभी केली जाते, तेव्हा ‘मूळ रूप’ या शब्दांचा अर्थ सर्वांच्या मनात एकच असतो असे नाही. मिस्त्रीला त्यातून चकचकीत रंग, नवी आसने आणि एका दमात सुरू होणारे इंजिन अभिप्रेत असते. मालकाच्या डोळ्यांसमोर वडिलांच्या काळातली गाडी असते. सरकारी नियमाचा अर्थ आणखी निराळा आहे. जुलै २०२१ मध्ये केंद्रीय मोटार वाहन नियमांत बदल होऊन ‘व्हिंटेज’ वाहनांसाठी वेगळी नोंदणी सुरू झाली. पहिल्या नोंदणीला ५० वर्षे उलटलेली, मूळ रूपात राखलेली, सांगाडा, बॉडी किंवा इंजिन यांत मोठे फेरफार न केलेली खासगी वाहने तिला पात्र ठरतात.

आपल्याकडे ‘जीर्णोद्धार’ हा शब्द चांगल्या अर्थाने वापरतात. पण एखाद्या हेमाडपंती देवळाच्या दगडावर ऑइलपेंट चढवला की तेही जीर्णोद्धारच म्हणवते, आणि दगडावरच्या छिन्नीच्या खुणा त्या रंगाखाली बुजतात. जुन्या मोटारीच्या बाबतीतही असेच घडते. म्हणून पाना हातात घेण्यापूर्वी दोन प्रश्न विचारावे लागतात : मूळ रूप ठरवायचे कशावरून? आणि झालेल्या बदलांपैकी कोणते परत फिरवता येतात? पहिला प्रश्न इतिहासाचा आहे, दुसरा पदार्थविज्ञानाचा व रसायनशास्त्राचा.

तुरीनहून कुर्ल्याला

महाराष्ट्रातील मध्यमवर्गीय कुटुंबाची जुनी गाडी म्हटले की बहुधा फियाट ११००च आठवते. इटलीतील तुरीन येथील फियाट कंपनीने १०८९ घनसेंटिमीटरचे इंजिन असलेली गाडी १९३७ मध्ये आणली. तिची नवी आवृत्ती, ११००/१०३, १९५३ मध्ये जिनिव्हाच्या प्रदर्शनात दिसली. या आवृत्तीत वेगळा लोखंडी सांगाडा नव्हता. दाबून आकार दिलेले पत्रे एकमेकांना वेल्ड करून जी पेटी तयार होई, तीच गाडीचा भार पेले. ही गोष्ट लक्षात ठेवावी, गंजाचा विचार करताना ती उपयोगी पडेल.

मूळचे सोलापूरचे उद्योगपती वालचंद हिराचंद यांनी १९४४ मध्ये मुंबईत प्रीमियर ऑटोमोबाइल्स ही कंपनी स्थापन केली. कुर्ल्याच्या कारखान्यात प्रथम क्रायस्लर कंपनीच्या गाड्यांची जुळणी होत असे. पुढे फियाटशी करार झाला आणि १९५४ च्या सुमारास ११०० तेथून बाहेर पडू लागली. त्याच काळात केंद्र सरकारने नुसती जुळणी करणाऱ्या परदेशी कंपन्यांपुढे अट ठेवली : सुटे भाग येथेच बनवा, नाहीतर काम थांबवा. १९२८ पासून मुंबईत मोटारी जुळवणाऱ्या जनरल मोटर्सने काम थांबवले, फोर्डनेही गाशा गुंडाळला. प्रीमियर टिकली आणि वर्षागणिक देशी भागांचे प्रमाण वाढवत गेली.

या जुन्या फियाटला लोकांनी तिच्या पुढे आलेल्या नाकावरून ‘डुक्कर फियाट’ असे नाव दिले. सुरुवातीच्या गाड्यांची पुढची दारे उलटी, म्हणजे मागच्या बाजूच्या बिजागरीवर उघडत. १९६४ मध्ये चौकोनी बांध्याची ‘डिलाइट’ आली. फियाटशी असलेला करार संपल्यावर १९७०च्या दशकात तिचेच ‘प्रीमियर प्रेसिडेंट’ आणि १९७४ मध्ये ‘प्रीमियर पद्मिनी’ झाले. एकविसाव्या शतकाच्या उंबरठ्यावर पद्मिनीचे उत्पादन थांबले. ऑक्टोबर २०२३ च्या अखेरीस, २० वर्षांची वयोमर्यादा संपल्याने, तिची शेवटची टॅक्सीही मुंबईच्या रस्त्यांवरून निघून गेली.

गाडी हेच दप्तर

आता असे समजा की, यवतमाळ जिल्ह्यातील वणी येथे एका घराच्या पडवीत १९५५ सालची डुक्कर फियाट उभी आहे. तिचे मूळ रूप कसे शोधायचे?

पहिला पुरावा कागदाचा. १९५५ मध्ये वणी मध्य प्रदेशात होते आणि त्या राज्याची राजधानी नागपूर होती. १ नोव्हेंबर १९५६ रोजी विदर्भ द्वैभाषिक मुंबई राज्यात आला आणि १ मे १९६० पासून महाराष्ट्रात. म्हणजे गाडी जागची न हलता पाच वर्षांत तीन राज्यांची झाली. आज या जिल्ह्याच्या वाहनांवर ‘एमएच २९’ दिसते, पण ही पद्धत १९८९ मध्ये सुरू झाली. तेव्हा ‘मूळ रूप’ म्हणून आजच्या नमुन्याची पाटी लावणे इतिहासाला धरून होणार नाही.

दुसरा पुरावा भागांवरील छापांचा. १९५५ च्या गाडीत इटलीहून आलेले भाग बरेच असत. मायको कंपनीची स्थापना १९५१ ची, तर मद्रासच्या लुकास-टीव्हीएसची १९६१ ची. अशा एखाद्या देशी कंपनीचा छाप असलेला भाग १९५५ च्या गाडीत आढळला, तर कंपनीच्या स्थापनेचे साल पाहावे. कंपनी १९५५ नंतरची असेल तर तो भाग नक्कीच नंतर बदललेला, आधीची असेल तर मात्र केवळ सालावरून तो मूळचा की बदललेला हे सांगता येत नाही. मापांचेही तसेच. फियाटचे बोल्ट पहिल्यापासून मिलिमीटरचे, तर मॉरिसवर बेतलेल्या अँबॅसडरचे इंचाचे. फियाटमध्ये इंची पाना लागणारा बोल्ट निघाला, तर कोणीतरी हाताशी होता तो बसवला असे समजावे. आपल्या देशात मेट्रिक पद्धतीचा कायदा १९५६ चा. गाडीची वेग दाखवणारी तबकडी मैलांची आहे की किलोमीटरची, हा प्रश्न विद्यार्थ्यांना विचारण्याजोगा आहे.

तिसरा पुरावा रंगाचा. मडगार्डवर एका बोटभर जागेत बारीक पॉलिश पेपर पाण्यात भिजवून गोल गोल घासला, तर वरचा रंग, त्याखालचा रंग, पुट्टी (गॅरेजमध्ये हिला ‘लांबी’ म्हणतात), अस्तर आणि शेवटी पत्रा अशी वर्तुळे दिसतात. झाडाच्या खोडातील वलयांसारखे हे वाचन करता येते. मूळ रंग सर्वांत चांगला टिकतो तो ऊन न लागलेल्या जागी, म्हणजे आसनाखाली, डिकीच्या अस्तरामागे किंवा दाराच्या आतल्या पुठ्ठ्यामागे. सगळा रंग एकदम खरवडून टाकला तर हे दप्तर कायमचे जळाले असे समजावे. जुन्या रंगांत शिशाची संयुगे असू शकतात. त्यामुळे घासणे नेहमी ओलेच करावे आणि तोंडाला मास्क बांधावा.

वणीचा गंज

वर्षातील आठ महिने वणीची हवा कोरडी असते आणि उन्हाळा कडक. किनाऱ्यावरच्या गाडीपेक्षा येथील गाडी कमी गंजेल असे वाटणे साहजिक आहे, आणि उघड्या पत्र्यापुरते ते खरेही आहे. पण बॉनेट शाबूत असताना दाराखालचा पत्रा मात्र बोटाने दाबला तरी फुटतो. असे का?

लोखंड गंजण्यासाठी पाणी आणि प्राणवायू दोन्ही लागतात. साधारणतः हवेची सापेक्ष आर्द्रता ६० टक्क्यांच्या वर गेली की गंजण्याचा वेग एकदम वाढतो. धुळीत ओलावा शोषणारे क्षार असतील तर ही मर्यादा आणखी खाली येते. वणीच्या आसपास कोळशाच्या खाणी आहेत. कोळशात गंधक असते, आणि कोळसा जळताना निघणाऱ्या सल्फर डायऑक्साइडपासून तयार होणारी सल्फेटे पाणी धरून ठेवतात. शिवाय काळी माती! चाकाने उडालेला तिचा चिखल मडगार्डच्या आतल्या कोपऱ्यात बसतो आणि पाऊस थांबून दिवस लोटले तरी आतून ओलाच राहतो.

चिखलाखाली प्राणवायू कमी पोचतो, कडेला जास्त. कोणालाही वाटेल की जेथे प्राणवायू जास्त तेथे गंज जास्त. घडते उलट. कमी प्राणवायूची जागा धनाग्र बनते आणि तेथले लोखंड विरघळू लागते. जास्त प्राणवायूच्या जागी ऋणाग्र तयार होऊन पत्रा शाबूत राहतो. म्हणजे चिखल आणि पत्रा मिळून एक लहानसा विद्युत घटच तयार होतो. गंजाचे आकारमान मूळ लोखंडाच्या दुपटीहून अधिक असल्याने तो वरचा रंग फुगवून उचलतो, मग आणखी पाणी आत शिरते. या गाडीत पत्र्याची पेटीच भार पेलत असल्याने दाराखालचा गंज हा केवळ दिसण्याचा दोष राहत नाही, गाडीच दुबळी होते.

हे वर्गात दाखवता येते. मिठाच्या सौम्य द्रावणात थोडे पोटॅशियम फेरिसायनाइड आणि फिनॉल्फ्थॅलिनचे काही थेंब घालावेत. घासून लख्ख केलेल्या लोखंडी पत्र्यावर या द्रावणाचा एक मोठा थेंब ठेवावा. काही वेळाने थेंबाच्या मध्यभागी निळा रंग दिसतो, तेथे लोखंड विरघळत असते. कडेला, जेथे हवेचा प्राणवायू सहज पोचतो, तेथे हायड्रॉक्साइडमुळे गुलाबी रंग येतो. या द्रावणात आम्ल मात्र कधीही मिसळू नये.

परत येते ते आणि न येते ते

सुट्या लोखंडी भागावरचा गंज घासून काढला तर चांगले लोखंडही जाते. त्याऐवजी धुण्याच्या सोड्याच्या द्रावणात तो भाग बुडवून बॅटरी चार्जरच्या ऋण टोकाला जोडावा, धन टोकाला साधा लोखंडी तुकडा लावावा. गंज सुटतो, खालचे लोखंड शाबूत राहते. यात हायड्रोजन वायू निघतो, म्हणून काम उघड्यावर करावे. धन टोकाला स्टेनलेस स्टील लावू नये, त्यातून क्रोमियमची विषारी संयुगे निघतात. दुसरा उपाय साखर कारखान्यातील मळीचा. एक भाग मळी व नऊ भाग पाणी यांत भाग एक-दोन आठवडे बुडवून ठेवला, तर मळीतील सेंद्रिय पदार्थ लोहाचे आयन पकडून ठेवतात व गंज सुटतो. ॲल्युमिनियमचे भाग मात्र या दोन्ही द्रावणांत घालू नयेत.

इंजिनाचे तसे नाही. या इंजिनात चार सिलिंडर असतात. प्रत्येकाचा व्यास ६८ मिलिमीटर आणि दट्ट्याची धाव ७५ मिलिमीटर. ०.७८५ × ६.८ × ६.८ × ७.५ × ४ हा गुणाकार केला की सुमारे १०८९ घनसेंटिमीटर येतात. झिजलेले सिलिंडर ‘बोअर’ करून व्यास ६९ मिलिमीटर झाला असेल, तर हेच उत्तर सुमारे ११२२ येईल. नोंदणी पुस्तकात १०८९, प्रत्यक्षात ११२२! खरवडून काढलेली धातू परत येत नाही. आत नवी नळी बसवून माप परत आणता येते, पण मग ती मूळची धातू नसते.

काही गोष्टी परत आणता आल्या तरी आणू नयेत. जुन्या ब्रेकच्या पट्ट्यांत ॲस्बेस्टॉस असे, आणि त्याचे तंतू फुप्फुसाचा कर्करोग घडवतात. ब्रेकमधील धूळ हवेच्या झोताने उडवू नये, ओल्या फडक्याने पुसावी आणि पट्ट्या ॲस्बेस्टॉसविरहितच घ्याव्यात. शिसेयुक्त पेट्रोलही तसेच. ते १ फेब्रुवारी २००० पासून देशभर बंद झाले. त्यातील शिसे काही जुन्या इंजिनांत झडपांच्या बैठकांना झिजण्यापासून वाचवत असे. अशा ठिकाणी आता कडक पोलादाच्या कड्या बसवाव्यात.

आजची अडचण इथेनॉलची आहे. २०२५ पर्यंत पेट्रोलमधील त्याचे प्रमाण २० टक्क्यांच्या आसपास पोचले. इथेनॉल हवेतले पाणी ओढते, जुन्या रबरी नळ्या व पडदे फुगवते, कार्ब्युरेटरमधील जस्ताच्या मिश्रधातूला खाते. गंमत अशी, की मळीने लोखंडाचा गंज सुटतो आणि त्याच मळीपासून निघणारे इथेनॉल कार्ब्युरेटर गंजवते. तेव्हा रबरी भाग फ्लुओरिनयुक्त रबराचे घेणे आणि टाकीत महिनोन्महिने पेट्रोल न ठेवणे शहाणपणाचे. हे भाग मूळचे नाहीत, तरी त्यांच्यावाचून मूळची गाडी टिकत नाही.

नोंद ठेवावी

जुन्या वाहनांसाठी काम करणाऱ्या आंतरराष्ट्रीय महासंघाने २०१२ मध्ये एक सनद स्वीकारली. तिला नाव मिळाले ‘तुरीन सनद’. तिचे सार असे : जतनाला पहिले स्थान, दुरुस्ती कमीत कमी, नवे भाग ओळखू येतील असे, आणि वाहनाच्या आयुष्यात झालेले बदलही त्याच्या इतिहासाचाच भाग.

आपल्याकडे याचे एक बोलके उदाहरण आहे. पंतप्रधान लालबहादूर शास्त्री यांनी घेतलेली १९६४ सालची फियाट दिल्लीच्या त्यांच्या स्मारकात ठेवलेली आहे. कुटुंबीयांच्या सांगण्याप्रमाणे, तिची किंमत १२,००० रुपये होती आणि त्यांपैकी ५,००० रुपये शास्त्रीजींनी पंजाब नॅशनल बँकेकडून कर्जाऊ घेतले. त्यांच्या पश्चात ते कर्ज कुटुंबाने फेडले. या गाडीवर नवा चकचकीत रंग चढवून तिचे मोल वाढेल काय?

वणीतील त्या कल्पित गाडीला १९७० मध्ये गावच्या एखाद्या लोहाराने घडवलेला कंस बसवलेला असेल. सुटे भाग मिळत नव्हते, गाडी तर चालवायची होती, त्या काळाची ती साक्ष आहे. भार पेलत नसेल तर तो बदलावा, पण फेकू नये. फोटो काढून, चिठ्ठी बांधून डिकीत ठेवावा. काय काढले, काय घातले, केव्हा आणि का, एवढे चार रकाने असलेली एक वही गाडीबरोबर असावी.

शाळेतील शिक्षकांना हा उपक्रम मोटारीवाचूनही घेता येईल. विद्यार्थ्यांना घरची जुनी सायकल, शिवणयंत्र किंवा रेडिओ तपासायला सांगावे. छाप कोणते, मापे कोणती, रंगाचे थर किती, दुरुस्त्या कोणी व कधी केल्या, हे त्यांनी त्या चार रकान्यांच्या वहीत लिहावे आणि आजी-आजोबांना विचारून वर्षे भरावीत. वस्तू दुरुस्त करण्याआधी वही पूर्ण व्हावी, एवढी एकच अट घालावी.