बतावणीचे प्रेम आणि मागे पडलेली मैत्री : अमेरिकन किशोर-प्रेमकादंबरीचा एक धागा

किशोरवयीन मुलींसाठी लिहिल्या गेलेल्या अमेरिकन प्रेमकादंबऱ्यांत एक कथाबीज वारंवार आढळते. शाळेतील मुलगा व मुलगी काही हेतूने परस्परांवर प्रेम असल्याची बतावणी करतात आणि कालांतराने ती बतावणी खरी ठरते. ही केवळ करमणुकीची क्लृप्ती आहे असे सहसा मानले जाते. वस्तुतः तिची मुळे अमेरिकन तरुणांच्या सामाजिक इतिहासात आहेत. आणि तिच्या आड एक अधिक दुखरी गोष्ट सांगितली जाते, ती म्हणजे बालमैत्री तुटण्याची.

विसाव्या शतकाच्या आरंभापर्यंत तरुण मुलीच्या घरी, वडीलधाऱ्यांच्या देखत, भेटीस जात असे. मोटार, चित्रपटगृह आणि नृत्यगृह यांच्या प्रसाराबरोबर ही भेट घराबाहेर पडली व 'डेटिंग' या नावाने रूढ झाली. कोण कोणाबरोबर दिसते यावर आता प्रतिष्ठा ठरू लागली. समाजशास्त्रज्ञ विलर्ड वॉलर यांनी १९३७ मध्ये महाविद्यालयीन तरुणांसंबंधी लिहिलेल्या निबंधात एक मार्मिक निरीक्षण आहे. दूरध्वनी आल्याची हाक ऐकूनही मुली लगेच उठत नसत. आपल्याला मागणी आहे हे इतरजणींच्या कानी पडावे म्हणून त्या आपले नाव पुन्हा पुन्हा पुकारू देत. म्हणजे बतावणी ही कादंबरीकारांनी बाहेरून आणलेली वस्तू नव्हे. ती या व्यवहारात आधीपासूनच होती.

मॉरीन डॅली यांच्या 'सेव्हन्टीन्थ समर' (१९४२) या कादंबरीपासून या प्रकाराची सुरुवात सामान्यतः मानली जाते. तीतील अँजी एका उन्हाळ्यापुरते प्रेम करते आणि शिक्षणासाठी गाव सोडते. बेव्हर्ली क्लिअरी यांच्या 'फिफ्टीन' (१९५६) मध्ये नायकाने दिलेली नाव कोरलेली साखळी नायिकेच्या मनगटावर येते. प्रेमाची खूण चारचौघांत दिसणे येथे महत्त्वाचे आहे, मात्र ती खूण खोटी असू शकते ही शंका या कादंबऱ्यांना शिवत नाही. १९८० च्या सुमारास प्रकाशकांनी अशा कथांच्या स्वस्त मालिका काढल्या. लिंडा ख्रिश्चन-स्मिथ यांनी १९४२ ते १९८२ या काळातील ३४ कादंबऱ्या तपासून १९९० मध्ये ग्रंथ लिहिला. मुलीला 'बाई' म्हणून घडविण्याचे काम या कथा कसे करतात, हा त्यांचा प्रश्न होता. प्रश्न रास्तच होता. तथापि या कथांतील मैत्रिणींकडेही तितक्याच बारकाईने पाहावयास हवे, कारण नायिकेने काय मिळविले याबरोबरच तिने कोणाला गमावले हेही तेथेच कळते.

बतावणीची किंमत मैत्रीने मोजावी लागते, हे एका चित्रपटाने उघड केले. 'कान्ट बाय मी लव्ह' (१९८७) मधील मुलगा दुर्बिणीसाठी साठविलेले १,००० डॉलर देऊन शाळेतील लोकप्रिय मुलीला महिनाभर प्रेयसीचे सोंग करावयास लावतो. त्याला प्रतिष्ठा मिळते, आणि जुने मित्र दुरावतात. प्रेमापेक्षा हा दुरावाच त्या कथेत अधिक खरा वाटतो.

जेनी हान यांच्या 'टू ऑल द बॉइज आय हॅव लव्ह्ड बिफोर' (२०१४) मध्ये हे दोन्ही धागे एकत्र येतात. लारा जीन आपले प्रत्येक प्रेम संपविण्यासाठी निरोपाचे पत्र लिहिते आणि दिवंगत आईने दिलेल्या टोपीच्या पेटीत ठेवते. अशी पाच पत्रे अचानक पाठविली जातात. एक पत्र थोरल्या बहिणीच्या पूर्वीच्या प्रियकराला पोचते. त्याच्यापासून लपण्यासाठी ती पीटर कॅव्हिन्स्कीशी बतावणीचा करार करते. पीटरला मात्र जेनेव्हीव्हला मत्सर वाटावयास हवा असतो. जेनेव्हीव्ह ही त्याची पूर्वीची प्रेयसी, आणि लारा जीनची एके काळची जिवलग मैत्रीण. (डॅली व हान या दोघींच्याही नायिकेच्या धाकट्या बहिणीचे नाव किटी आहे, योगायोग असो वा नसो, वाचकाला तो सुखावतो.)

येथे खाजगी आणि सार्वजनिक यांची अदलाबदल झाली आहे. खरे प्रेम कोणी वाचू नये म्हणून पेटीत होते, खोटे प्रेम सर्वांनी पाहावे म्हणून शाळेच्या ओसरीत आहे. वॉलर यांच्या काळातील दूरध्वनीची हाक आणि हा करार यांत प्रकाराचा फरक नाही.

मैत्रीचा हिशेब दुसऱ्या भागात, 'पी. एस. आय स्टिल लव्ह यू' (२०१५) मध्ये होतो. लहानपणचे झाडावरचे घर पाडले जाणार असते. जुने सवंगडी जमतात आणि तेव्हा जपून ठेवलेल्या वस्तूंची पेटी उघडतात. लारा जीन व जेनेव्हीव्ह यांच्यातील वैर पीटरमुळे सुरू झाले असे सर्वांना वाटते. पण दोघींची वाट त्याच्या आधीच वेगळी होऊ लागली होती. प्रियकर परत मिळविण्यासाठी करार करता येतो. मैत्रिणीसाठी तसा करार या कादंबऱ्यांत कोणी करीत नाही.