पुठ्ठा, ठसा आणि शिंप्याचं घर

कयाधू नदीकाठचं नरसी हे संत नामदेवांचं जन्मगाव मानलं जातं, जन्मसाल 1270. महाराष्ट्र त्यांना शिंपी म्हणून ओळखतो. उत्तरेत मात्र त्यांची ओळख ‘छीपा’ अशी आहे, म्हणजे कापडावर छाप उठवणारा.

एकच संत, दोन धंदे. पण दोन्हींचं नातं कापडाशी.

छीप्याचा ठसा लाकडी. त्याच्या उठावाला रंग लागतो आणि नक्षी कापडावर उतरते. पुठ्ठ्याच्या साच्याची रीत उलटी: आकार कापून काढायचा आणि मोकळ्या जागेतून रंग थोपटायचा. कापलेला तुकडा ठेवून भोवती रंग दिला, तर मध्ये कोरी छायाकृती उरते. लाकूड पुष्कळ टिकतं. पुठ्ठा मात्र रंग पिऊन लवकरच मऊ पडतो.

युरोपात अशा छायाकृतींना नाव मिळालं ते एत्येन द सिलुएत यांचं. ते 1759 मध्ये फ्रान्सचे अर्थमंत्री होते. त्यांच्या काटकसरीची थट्टा करताना कागद कापून केलेल्या स्वस्त चित्रांना लोक ‘सिलुएत’ म्हणू लागले, असं सांगतात.

पुन्हा उत्तरेतल्या या छीप्याकडे, नामदेवांकडे वळू. त्यांची 61 पदं गुरू ग्रंथ साहिबमध्ये आहेत. पंजाबातल्या घुमानमध्ये त्यांचं स्मारक आहे आणि 2015 मध्ये अखिल भारतीय मराठी साहित्य संमेलनही तिथेच भरलं.