वैद्याची सनद आणि वैद्याची वाट

जत्रेच्या दिवशी देवळाच्या अग्रशाळेत चार वडीलधारी माणसे बसली की एक तक्रार हटकून निघते : आपली मुले डॉक्टर होतात आणि परमुलखास जातात. पालखी निघेपर्यंत सारा दोष तरुणांच्या माथी बसलेला असतो. आम्ही वकिली पेशाचे. निवाड्यापूर्वी कागद पाहावा, ही आमची सवय. म्हणून थोडे जुने दप्तर वाचकांपुढे उघडीत आहोत.

१८४२ साली पणजीस वैद्यकीय शाळा स्थापन झाली. तेथून बाहेर पडणाऱ्या तरुणास गोव्यात सरकारी जागा थोड्या. खुद्द पोर्तुगालात वैद्यकी करावयाची, तर तेथे पुन्हा शिकून परीक्षा द्यावी लागे. उरल्या वसाहती. मोझांबिक, अंगोला येथे गोव्याचे कितीतरी डॉक्टर गेले. परंतु एकोणिसाव्या शतकात तेथील आरोग्यखात्यातही त्यांची गणना दुसऱ्या श्रेणीत होई. रोगी तेच, ज्वर तोच, जोखीमही तीच. श्रेणी मात्र सनदेवरील गावाच्या नावावरून ठरे. ज्यास आपण त्यांची निवड म्हणतो, ती पुष्कळ अंशी कायद्याने आधीच करून ठेविली होती.

याउलट मुंबईचे पाहा. तेथे १८४५ साली ग्रँट मेडिकल कॉलेज निघाले. पेडण्यातील मांद्रे गावी जन्मलेले भाऊ दाजी लाड बालपणीच मुंबईस गेले होते. त्या कॉलेजाच्या पहिल्या तुकडीत ते पदवीधर झाले, त्याच शहरात त्यांनी स्वतंत्र व्यवसाय मांडला आणि बंधू नारायण दाजी यांच्यासह धर्मार्थ दवाखाना चालविला. सनद ज्या शहराने दिली, त्याच शहरात तिला मानही होता. मग त्यांनी दुसरीकडे का जावे?

१९६१ साली गोवा मुक्त झाला. १९६३ साली पणजीची शाळा गोवा मेडिकल कॉलेज या नावाने मुंबई विद्यापीठास जोडली गेली आणि घरच्या शिक्षणावर मुंबईची पदवी मिळू लागली. सनदेचा जुना अडसर निघाला.

तक्रार मात्र उरली आहे. आता कायद्याकडे बोट दाखविता येणार नाही, तसे केवळ तरुणांकडेही दाखवू नये. राहावयास घर, दवाखान्यास जागा आणि अडीअडचणीस सोबत, यांपैकी गावाने काय देऊ केले? पुढच्या जत्रेस महाजनांनी तक्रारीआधी याचा हिशेब मांडावा.