नोंदवहीबाहेरचा रुग्ण

परदेशी मदतीवर चालणाऱ्या योजनांचे मूल्यमापन म्हटले की जाडजूड अहवाल आणि टक्केवारीचे तक्ते डोळ्यांसमोर येतात आणि बरेच वाचक तिथूनच माघारी फिरतात. त्यांना दोष देता येणार नाही. तरी वाचकांनी थोडे थांबावे, कारण या विषयाचा एक अव्वल धडा आपल्याच मुंबईत, धारावी आणि माहीमच्या टापूत घडला आहे. त्याचा विषय आहे क्षयरोग. चाळीच्या एका खोलीत सात-आठ माणसे झोपणाऱ्या परळ-लालबागला हा रोग नवा नाही.

१९९२ साली भारत सरकार, जागतिक आरोग्य संघटना आणि स्वीडनची मदतसंस्था यांनी राष्ट्रीय क्षयरोग कार्यक्रमाचा आढावा घेतला. जुनी पद्धत अपुरी ठरली. १९९७ पासून जागतिक बँकेच्या कर्जाच्या आधाराने सुधारित कार्यक्रम पसरत गेला आणि मार्च २००६ पर्यंत त्याने सारा देश व्यापला. उद्दिष्टे नेमकी होती : थुंकीत जंतू सापडणाऱ्या नव्या रुग्णांपैकी किमान ७० टक्के शोधायचे आणि त्यांतले ८५ टक्के बरे करायचे. प्रत्येक रुग्णाच्या नावाचा औषधांचा खोका, त्याचे उपचारपत्र आणि कर्मचाऱ्यासमोर गिळायची गोळी, अशी ती चोख व्यवस्था होती. तिचे मोल मी कमी लेखत नाही. तिने असंख्य जीव वाचवले.

मात्र ती मोजायची ते आपल्या दारात आलेल्यांना. दाराबाहेर काय चालले होते, हे मुकुंद उपलेकर आणि डोनाल्ड शेपर्ड या संशोधकांनी १९९१ मध्येच दाखवून दिले होते. धारावीतल्या शंभरेक खासगी डॉक्टरांनी क्षयावर तब्बल ८० निरनिराळ्या उपचारपद्धती लिहून दिल्या होत्या. दोन दशकांनी झरीर उदवाडिया, लँसलॉट पिंटो आणि उपलेकर यांनी तोच प्रश्न पुन्हा विचारला. या वेळी १०६ डॉक्टरांकडून ६३ पद्धती आल्या. बिनचूक चिठ्ठी लिहिणारे अवघे सहा. पुढे माहीमच्या हिंदुजा रुग्णालयातून, तपासलेल्या एकाही औषधाला दाद न देणाऱ्या क्षयाचे रुग्ण जाहीर झाले, तेव्हा सगळे दचकले. खरे तर दचकण्याची वेळ कधीच होऊन गेली होती.

साकल्याने मूल्यमापन करणारे अभ्यासक इथे तीन गोष्टी विचारतात. योजनेची हद्द कुणी आखली? आत-बाहेरच्या गोष्टी एकमेकींवर काय परिणाम करतात? आणि हेच चित्र दुसऱ्याच्या जागेवरून कसे दिसते? तिसरा प्रश्न मला सर्वांत मोलाचा वाटतो. नोंदवहीत ‘उपचार अर्धवट सोडला’ असा शेरा असतो. तो रुग्ण रोजंदारी बुडते म्हणून यायचा थांबलेला असेल, गणपतीला कोकणात जाऊन तिथेच राहिला असेल, किंवा ती सासरी कळू नये म्हणून दुसऱ्या वस्तीतल्या डॉक्टरकडे जाणारी सून असेल. शेरा एकच आणि कारणे तीन. त्यांवरचे उपायही तीन.

हद्द बदलली की धोरणही बदलते, हे इथे दिसले. मे २०१२ मध्ये खासगी डॉक्टरांनाही क्षयरुग्णाची नोंद कळवणे सक्तीचे झाले. २०१४ पासून मुंबईत खासगी डॉक्टरांना कार्यक्रमाशी जोडण्याचा प्रयोग परदेशी मदतीतूनच झाला. मात्र रुग्णाची बतावणी करण्याचा सराव दिलेली माणसे मुंबई-पाटण्याच्या दवाखान्यांत पाठवून पाहिली, तेव्हा योग्य हाताळणी सुमारे ३५ टक्के भेटींतच आढळली. म्हणजे काम संपलेले नाही.

नवख्या वाचकांनी सिद्धान्तापासून सुरुवात करू नये. बॉब विल्यम्स आणि इराज इमाम यांनी अशा साकल्याच्या मूल्यमापनावर २००७ मध्ये संपादित केलेला निबंधसंग्रह उत्तम आहे, पण तो नंतर. आधी उदवाडिया-पिंटो-उपलेकर यांचा २०१० चा निबंध घ्या. तो छोटा आहे, इंग्रजी सोपे आहे आणि वाचायला पैसे पडत नाहीत. मग कोणताही सरकारी अहवाल उघडा आणि टक्केवारी पाहण्याआधी ती कुणाकुणाला मोजून काढली आहे, ते शोधा.