लेख-साचे, वर्डप्रेसमधील

वर्डप्रेस या आशय-व्यवस्थापन प्रणालीत लेखाच्या पानाची मांडणी ठरवणाऱ्या फाइलला साचा किंवा टेम्प्लेट म्हणतात. लेखाचा मजकूर डेटाबेसमध्ये असतो; शीर्षक, तारीख, लेखकाचे नाव, चित्र आणि मजकूर यांच्या जागा व क्रम साचा ठरवतो. म्हणूनच एक साचा बदलला, की तो वापरणाऱ्या सर्व लेखांचे रूप बदलते; मजकूर मात्र जसाच्या तसा राहतो.

मॅट मलेनवेग व माइक लिटल यांनी २००३ मध्ये वर्डप्रेस प्रसिद्ध केले. २००५ मधील १.५ या आवृत्तीत थीम, म्हणजे साचे व शैलीपत्रक यांचा एकत्रित संच, ही सोय आली.

साच्याची निवड : लेख उघडला जाताच प्रणाली ठरावीक क्रमाने साचा शोधते. त्या लेखासाठी निवडलेला खास साचा प्रथम पाहिला जातो. तो नसल्यास ‘सिंगल-पोस्ट’पुढे लेखाचे पत्तानाम जोडलेली फाइल, मग ‘सिंगल-पोस्ट’, ‘सिंगल’, ‘सिंग्युलर’ आणि शेवटी ‘इंडेक्स’ असा क्रम असतो. जी फाइल आधी सापडेल ती वापरली जाते. थीम बदलल्यावर खास साचा नाहीसा झाला तरी लेख दिसत राहतो, तो या क्रमामुळेच.

खास साचे : पीएचपी या भाषेतील फाइलच्या आरंभी टिप्पणीत साच्याचे नाव व तो कोणत्या आशयप्रकारासाठी (लेख, पान इत्यादी) आहे हे लिहिले, की तो संपादकातील यादीत दिसतो. आधी ही सोय केवळ पानांसाठी होती. २०१६ मधील ४.७ आवृत्तीपासून ती लेखांनाही मिळाली.

मूळ थीमच्या फाइलींत केलेले बदल थीम अद्ययावत करताना पुसले जातात. म्हणून ते उपथीममध्ये, म्हणजे मूळ थीमवर आधारलेल्या वेगळ्या थीममध्ये, करतात. उपथीममधील त्याच नावाचा साचा आधी वापरला जातो.

ब्लॉक थीम : २०२२ मधील ५.९ आवृत्तीपासून अशा थीमचे साचे साइट एडिटर या संपादकात ब्लॉक (शीर्षक, चित्र, मजकूर यांसारखे घटक) मांडून, कोड न लिहिता घडवता येतात. हे बदल डेटाबेसमध्ये साठतात व थीममधील मूळ फाइलीऐवजी वापरले जातात. ते रद्द केल्यास मूळ साचा परत मिळतो. शीर्षपट्टी व तळपट्टी असे सामाईक भाग स्वतंत्र ठेवून अनेक साच्यांत वापरता येतात.

रंग, अक्षरवळण व ओळींमधील अंतर यांची मूल्ये थीमच्या जेसन फाइलीत नोंदवता येतात. देवनागरीत वेलांट्या व मात्रा शिरोरेषेच्या वर, तर उकार अक्षराखाली येतात; त्यामुळे रोमन लिपीसाठी ठरवलेले ओळींमधील अंतर मराठी लेखांसाठी अनेकदा वाढवावे लागते.