जागल्यांचा किनारा

परवा एका पर्यटन कंपनीची रंगीत पुस्तिका हाती आली. मध्य अमेरिकेतल्या कोस्टा रिका या देशाच्या सहलीची. मुखपृष्ठावर चार चित्रे होती. उंच झाडांच्या शेंड्यांवरून दोरीला लोंबकळत सुसाट निघालेली एक मुलगी. फेसाळत्या नदीतून रबरी होडी हाकणारे सहा जण. गर्द झाडीतला संथ कालवा आणि त्यातली नाव. चौथ्या चित्रात रात्रीचा किनारा होता, आणि वाळूत अंडी घालणारे एक भले मोठे कासव. खाली किंमत छापली होती. ती वाचून मी पुस्तिका मिटली; पण चित्रे काही डोळ्यांपुढून जाईनात.

आपण प्रवासाला जातो तेव्हा जागा बघतो, त्या जागेचा काळ बघत नाही. या चारही चित्रांमागे जेमतेम सत्तर वर्षांचा इतिहास आहे. त्यात लोभ आहे, शहाणपण आहे आणि रक्तही सांडलेले आहे. आज तीच गोष्ट सांगायची आहे.

कोस्टा रिका या स्पॅनिश शब्दांचा अर्थ श्रीमंत किनारा. १५०२ साली कोलंबस आपल्या शेवटच्या सफरीत या किनाऱ्याला लागला. इथे सोने मुबलक असावे, अशी पुढच्या स्पॅनिश लोकांची समजूत होती. सोने काही फारसे मिळाले नाही, नाव मात्र राहिले. देश आकाराने लहान, आपल्या महाराष्ट्राच्या साधारण एक षष्ठांश. एका अंगाला कॅरिबियन समुद्र, दुसऱ्या अंगाला प्रशांत महासागर आणि मधे डोंगरांची रांग. दोन्ही किनाऱ्यांच्या बऱ्याच भागावर धो धो पाऊस आणि सदाहरित जंगल. या चिमुकल्या देशात पक्ष्यांच्याच सुमारे नऊशे जाती आढळतात. खरी श्रीमंती ही होती; पण ती ओळखायला साडेचारशे वर्षे जावी लागली.

सुरुवात कासवापासून करू. कॅरिबियन किनाऱ्यावर तोर्तुगेरो नावाचे गाव आहे. तोर्तुगा म्हणजे कासव, आणि तोर्तुगेरो म्हणजे कासवे पकडणारा. गावाच्या नावातच गावाचा धंदा. इथल्या लांबलचक पुळणीवर साधारण जुलै ते ऑक्टोबर या काळात हिरवी समुद्री कासवे अंडी घालायला येतात. पूर्वी हंगामात ही पुळण मैलामैलाने वाटून दिली जाई. प्रत्येक मैलावर एक माणूस रात्रभर फिरे. कासवीण वर आली की तो तिला उलथी करून पाठीवर पाडे. उलथे झालेले समुद्री कासव स्वतःहून सुलटे होऊ शकत नाही. ते तसेच आभाळाकडे पोट करून पडून राही, आणि मग बोटीवर चढवले जाई. त्याचे मांस आणि सूप दूरदेशीच्या जेवणाच्या टेबलांवर पोचत असे.

या रात्रीच्या माणसाला तिथे वेलादोर म्हणत. शब्दाचा सरळ अर्थ रात्री जागून पहारा करणारा. आपल्याकडे गावगाड्यात जागल्या असे, तसा. शब्दांशी खेळणाऱ्या माझ्यासारख्या माणसाला इथे थांबावेसे वाटले. नाव राखणदाराचे आणि काम शिकाऱ्याचे! पण शब्दांनाही कधी कधी आपल्या अर्थाकडे परत यावे लागते. या गावात तेच घडले.

१९५० च्या दशकात आर्ची कार नावाचे एक अमेरिकन प्राणिशास्त्रज्ञ या पुळणीवर आले. समुद्री कासवे कुठून येतात, कुठे जातात, हे तेव्हा विज्ञानाला जवळपास ठाऊकच नव्हते. कासवांच्या वल्ह्यासारख्या पायांना धातूचे बिल्ले लावण्याचे काम त्यांनी सुरू केले. बिल्ल्यावर पत्ता असे. तो परत पाठवणाऱ्याला बक्षीस. निकाराग्वाच्या आणि इतर किनाऱ्यांवरच्या कोळ्यांनी पाठवलेले बिल्ले येऊ लागले आणि एक नकाशा हळूहळू उलगडला. शेकडो मैल पोहून गेलेल्या माद्या अंडी घालायला याच वाळूवर परतत होत्या. म्हणजे ही एक पुळण रिकामी झाली, तर साऱ्या पश्चिम कॅरिबियनमधले हिरवे कासव धोक्यात येणार होते. कार यांनी १९५६ साली ‘द विंडवर्ड रोड’ हे पुस्तक लिहिले. ते वाचून काही मंडळी एकत्र आली आणि १९५९ साली कासवांच्या रक्षणासाठी संस्था उभी राहिली. १९७५ साली कायद्याने तोर्तुगेरोचे राष्ट्रीय उद्यान झाले.

पण कायद्याने पोट भरत नाही. काल कासव उलथे करणाऱ्या माणसाने उद्या काय खावे? याचे उत्तर पर्यटनाने दिले. आज त्या गावातली माणसे प्रशिक्षण घेऊन वाटाडे झाली आहेत. हंगामात रात्री पाहुण्यांनी गटागटाने आणि वाटाड्याबरोबरच पुळणीवर जायचे. कॅमेरा नाही, पांढरा दिवा नाही, गडबड नाही. कासवीण अंडी घालू लागली की मगच जवळ जायचे. (पुस्तिकेतले ते चित्र मग कुणी काढले, हे त्या कंपनीलाच विचारायला हवे.) मुद्दा असा की काळोखात कासविणीचा माग काढण्याची विद्या जुनीच आहे. फक्त तिचा उपयोग पालटला. वेलादोर पुन्हा जागल्या झाला.

आणि तो संथ कालवा? तोर्तुगेरोला आजही मोटाररस्ता पोचत नाही. माणसे बोटीने किंवा छोट्या विमानाने येतात. तिथल्या कालव्यांपैकी काही निसर्गाने केलेले, काही माणसाने खणलेले. जंगलातले ओंडके वाहून न्यायला, मालाची ने-आण करायला ते खणले. ज्या पाण्यातून झाडांची प्रेते गेली, त्याच पाण्यातून आज लोक सुसरी, स्लॉथ आणि माकडे बघत फिरतात.

झाडांची प्रेते म्हणालो, ती अतिशयोक्ती नव्हे. विसाव्या शतकाच्या मध्यापासून पुढे तीन दशके या देशात जंगलतोडीचा वेग भयंकर होता. कारण मोठे साधे होते. अमेरिकेत स्वस्त गोमांसाला मागणी होती, म्हणून कुरणे हवी होती आणि कुरणांसाठी बँका कर्ज देत होत्या. शिवाय जमिनीच्या कायद्याच्या लेखी जंगल तोडणे म्हणजे जमीन ‘सुधारणे’ होते. ज्याने तोडले, त्याचा हक्क मजबूत. १९८० च्या दशकापर्यंत देशातले जंगल सुमारे एक चतुर्थांशावर आले.

याच काळात दोन परदेशी माणसे तिथे राहायला आली होती. स्वीडनचे ओलोफ वेसबर्ग आणि त्यांची डॅनिश पत्नी कारेन मोगेन्सेन. १९५५ साली हे दांपत्य प्रशांत महासागराच्या बाजूला, निकोया द्वीपकल्पाच्या टोकाजवळ स्थायिक झाले. फळबाग करावी, साधे जगावे, एवढीच त्यांची इच्छा. पण आजूबाजूचे रान डोळ्यांदेखत तुटू लागले. तेव्हा ओलोफ यांनी देशोदेशीच्या संस्थांना पत्रे लिहून पैसा जमवला, सरकारदरबारी खेटे घातले. अखेर १९६३ साली काबो ब्लांको हे देशातले पहिले कडक संरक्षित अरण्य जाहीर झाले. पहिली कित्येक वर्षे तिथे पाहुण्यांना प्रवेशच नव्हता.

पुढे ओसा द्वीपकल्पावरचे विशाल वर्षावन वाचवावे म्हणून १९७५ साली ओलोफ पाहणीला गेले. ते परत आले नाहीत. वाट दाखवायला बरोबर घेतलेल्या माणसानेच त्यांचा खून केला. त्याच वर्षी राष्ट्राध्यक्ष दानिएल ओदुबेर यांनी ओसावर कोर्कोवादो राष्ट्रीय उद्यान जाहीर केले. कारेनबाई देश सोडून गेल्या नाहीत. १९९४ साली मरेपर्यंत त्या तिथेच राहिल्या आणि जंगलासाठी काम करत राहिल्या.

आज कोर्कोवादो पाहायला जगभरातून लोक येतात. देशातल्या चारही जातींची माकडे तिथे आहेत. लाल मकाव पोपट आहेत, टापीर आहे, जॅग्वार आहे. एका बाजूला समुद्र आणि दुसऱ्या बाजूला अरण्य, अशी किनाऱ्याकिनाऱ्याने पायी जाणारी वाट आहे. २०१४ पासून मान्यताप्राप्त वाटाड्याशिवाय आत जाता येत नाही. त्या जंगलासाठी प्राण गेलेल्या माणसाची कहाणी ठाऊक असली, की हा साधासा नियम वाचतानाही मन क्षणभर चरकते.

इथे दुसरी बाजूही सांगायला हवी. कोर्कोवादोच्या नद्यांत थोडे सोने सापडते. १९८० च्या दशकाच्या मध्यास जवळच्या केळीच्या मळ्यांची बडी परदेशी कंपनी निघून गेली. बेकार झालेली माणसे घमेली घेऊन उद्यानात शिरली आणि नद्या उकरू लागली. १९८६ साली सरकारने त्यांना बाहेर काढले. ती माणसे भरपाई मागत राजधानीत येऊन बसली. जंगल वाचवणे आणि माणूस वाचवणे ही दोन कामे वेगळी धरली, की असे होते.

हा धडा त्या देशाने थोडाफार घेतला. १९९६ च्या वनकायद्याने जंगल तोडून जमिनीचा वापर बदलण्यावर बंदी आली. त्याचबरोबर जंगल राखणाऱ्या शेतकऱ्याला मोबदला द्यायची व्यवस्था झाली, आणि त्यासाठी पेट्रोल-डिझेलवरील कराचा पैसा वापरला. त्याआधीच गोमांसाचा बाजार पडला होता; त्याचाही हात लागला. आज देशाच्या निम्म्याहून अधिक भूमीवर पुन्हा झाडी आहे. सद्बुद्धी, कायदा आणि बाजारभाव या तिघांनी मिळून हे केले. नुसत्या सद्बुद्धीवर मी तरी एवढे श्रेय टाकणार नाही.

आता ती दोरी. वर्षावनातले निम्मे जगणे वर, झाडांच्या माथ्यावर चालते. पण विसाव्या शतकाच्या उत्तरार्धापर्यंत तिथे पोचणार कोण? १९७० च्या दशकात डोनाल्ड पेरी नावाचे जीवशास्त्रज्ञ गिर्यारोहकांचे दोर वापरून कोस्टा रिकाच्या झाडांवर चढले आणि माथ्यावर दोरांचे जाळे बांधून अभ्यास करू लागले. त्यांनीच पुढे १९९४ साली पाहुण्यांसाठी झाडांच्या माथ्यांमधून जाणारा पाळणा सुरू केला. दोरीवरून घसरत जाण्याचा खेळ त्याच दशकात तिथे रुजला आणि जगभर पसरला. आपल्या लोणावळ्याच्या आसपास हौशी पोरे दोरीवरून किंचाळत जातात ना, त्या खेळाचे गोत्र एका अभ्यासकाच्या कुतूहलाशी जाऊन भिडते.

नदीची गोष्टही ऐकण्याजोगी आहे. पाकुआरे ही तालामांकाच्या डोंगरातून कॅरिबियन समुद्राकडे धावणारी नदी. तिच्यावर वीजनिर्मितीसाठी धरण बांधायचा बेत होता. काठचे लोक, आदिवासी आणि होड्यांवर पोट असणारे वाटाडे यांनी विरोध केला. अखेर २०१५ साली राष्ट्राध्यक्ष लुईस गिलेर्मो सोलीस यांनी या नदीवर पंचवीस वर्षे वीजप्रकल्प उभारण्यास मनाई केली. चित्रातले ते सहा जण नुसती मौज करत नव्हते. त्यांच्या तिकिटाचे वजन नदीच्या पारड्यात पडले होते.

मग पर्यटन म्हणजे सगळे गोडच का? नाही. २०१३ च्या मे महिन्यात कॅरिबियन किनाऱ्यावरच्या मोईन पुळणीवर हायरो मोरा सांदोवाल या सव्वीस वर्षांच्या तरुणाचा खून झाला. तो कातडी पाठीच्या अवाढव्य कासवांची घरटी राखत असे, आणि अंडी चोरणाऱ्यांना तो नको होता. २०१६ साली चौघांना शिक्षा झाली. ती पुळण तोर्तुगेरोसारखी संरक्षित नव्हती. जागल्या एकटा पडला की असे होते.

आणि २०१५ च्या सप्टेंबरात प्रशांत किनाऱ्यावरच्या ओस्तिओनाल इथे उलटेच घडले. तिथे ऑलिव्ह रिडले कासवे हजारोंच्या संख्येने एकदम येतात. त्या दिवशी पाहुण्यांची इतकी गर्दी झाली, की कासवांना वर यायला वाट मिळेना. लोक फोटो काढत होते, पोरांना कासवांवर बसवत होते. कित्येक माद्या अंडी न घालताच समुद्रात परतल्या. चोराने नव्हे, प्रेमाने आलेल्या माणसांनी त्यांना हाकलले.

हे ऐकून मला आपले कोकण आठवते. कारण ऑलिव्ह रिडले ही जात आपल्याही पुळणींवर येते. देवळाच्या सभामंडपात दगडी कासवाला हात लावून पुढे जायचे, आणि किनाऱ्यावरच्या कासवाची अंडी उकरून न्यायची, असे आपल्याकडेही वर्षानुवर्षे चालले. मग या शतकाच्या सुरुवातीला चिपळूणच्या सह्याद्री निसर्ग मित्र संस्थेने मंडणगड तालुक्यातल्या वेळासला काम सुरू केले. वेळास म्हणजे नाना फडणवीसांचे मूळ गाव. आज तिथे गावकरी घरटी राखतात, पिल्ले समुद्रात सोडतात. ती पाहायला आलेल्या पाहुण्यांना आपल्या घरी उतरवतात, केळीच्या पानावर जेवू घालतात.

म्हणून कुणी वेळासला निघाले, की मी त्यांना ओस्तिओनालची गोष्ट सांगतो. पहाटे पुळणीवर पोचल्यावर दोरीच्या अलीकडे उभे राहा. मोबाइल खिशात ठेवा. राखणारा माणूस काय सांगतो, ते नीट ऐका. मुठीएवढे पिल्लू वाळूवर आपली पहिली पावले टाकत असते. त्याला वाट देणे एवढेच आपले काम. वाट अडवली नाही, की तेवढ्यापुरते आपणही जागले होतो.

(आकाशवाणीवरील भाषणाचा संपादित भाग)