मेडिकल कोडिंग-बिलिंग : ऑनलाईन कोर्सची फी भरण्याआधी

नीटमध्ये नंबर लागला नाही, बीएस्सी झाली पण नोकरी नाही, बीयूएमएस होऊनही स्वतःचा दवाखाना टाकायला भांडवल नाही, अशा घरांत सध्या एक शब्द वारंवार ऐकू येतो : मेडिकल कोडिंग. मोबाईलवर जाहिराती येतात, ‘तीन महिन्यांत घरबसल्या नोकरी’ असं त्यात म्हटलेलं असतं, आणि पालक आम्हा शिक्षकांना विचारतात की यात कितपत तथ्य आहे. काम खरं आहे. ‘तीन महिन्यांत’ आणि ‘घरबसल्या’ हे दोन शब्द मात्र तपासून घ्यावे लागतात.

आधी काम समजून घेऊ. अमेरिकेत बहुतेक रुग्णांचा खर्च विमा कंपनी किंवा सरकारी योजना देते. हॉस्पिटलने काय आजार होता आणि काय उपचार केले हे ठरलेल्या कोडमध्ये लिहून पाठवलं तरच पैसे मिळतात. डॉक्टरांची नोंद वाचून हे कोड लावणारा तो कोडर. त्यावरून क्लेम पाठवणं, पैसे आले का पाहणं, नाकारलेला क्लेम पुन्हा लढवणं हे बिलिंग. यातलं बरंच काम चेन्नई, हैदराबाद, बंगळुरू, पुणे, नवी मुंबई इथल्या ऑफिसांत होतं.

कोड म्हणजे नुसता नंबर पाठ करणं नव्हे. समजा एक माणूस पडला आणि त्याच्या उजव्या हाताचं रेडियस हाड मनगटाजवळ मोडलं. जखम उघडी नाही, उपचार आत्ताच सुरू होतोय, फ्रॅक्चरचा जास्त तपशील लिहिलेला नाही. कोड झाला एस ५२.५०१ए. काही आठवड्यांनी तोच माणूस तपासणीला आला आणि हाड नीट जुळतंय, तर शेवटचं अक्षर ए जाऊन डी येतं. मधुमेहाचंही तसंच. टाईप २ मधुमेह, गुंतागुंत नाही, तर ई ११.९. त्याच मधुमेहामुळे हातापायांच्या नसांवर परिणाम होऊन पॉलिन्यूरोपॅथी झाली असेल तर ई ११.४२. डॉक्टरांनी जे लिहिलेलं नाही ते कोडरने मनाने धरायचं नाही. जास्त पैसे मिळावेत म्हणून मोठा कोड लावला तर अमेरिकेत ती फसवणूक ठरते. म्हणजे इथे लक्ष देऊन वाचण्याची सवय हाच खरा हुनर.

आजाराच्या कोडच्या या पुस्तकाला आयसीडी-१०-सीएम म्हणतात. अमेरिकेत ते १ ऑक्टोबर २०१५ पासून लागू आहे आणि त्यात सुमारे ७० हजार कोड आहेत. जागतिक आरोग्य संघटनेची आयसीडी-११ आलेली असली तरी अमेरिकेचं काम अजून यावरच चालतं. उपचारांसाठी दुसरं पुस्तक सीपीटी, ते अमेरिकन मेडिकल असोसिएशनचं. अॅम्ब्युलन्स, व्हीलचेअर, काही इंजेक्शनं वगैरेंसाठी तिसरं, एचसीपीसीएस, ज्याला सगळे ‘हिकपिक्स’ म्हणतात.

आता शिकण्याचा क्रम. बहुतेक क्लास थेट कोडपासून सुरू करतात, आणि उर्दू किंवा मराठी माध्यमातली मुलं तिथेच अडकतात. अडचण हुशारीची नसते, इंग्रजी वैद्यकीय शब्दांची असते. म्हणून पहिला महिना-दीड महिना फक्त शरीररचना आणि शब्दांना द्यावा. शब्दाच्या शेवटी ‘आयटिस’ म्हणजे सूज, ‘एक्टमी’ म्हणजे काढून टाकणं, ‘ऑटमी’ म्हणजे छेद घेणं, ‘ऑस्टमी’ म्हणजे शरीराला बाहेर उघडणारी नवी वाट करणं. अपेंडिसायटिस हा आजार, अपेंडेक्टमी हे ऑपरेशन. जिगर, गुर्दा, मेदा हे शब्द तर आपल्या मुलांना घरचेच. त्यांच्यासमोर हेपॅटिक, रीनल, गॅस्ट्रिक अशी जोडी लावून वही भरली की निम्मी भीती जाते. तिब्ब शिकलेल्या बीयूएमएसच्या मुलांना तर याचा मोठाच फायदा होतो.

यानंतर आयसीडी. एक गोष्ट क्लासवाले सहसा सांगत नाहीत : आयसीडी-१०-सीएमची पूर्ण यादी आणि तिचे अधिकृत नियम अमेरिकन सरकारच्या सीडीसी आणि सीएमएस या संस्थांच्या वेबसाईटवर मोफत आहेत. डाउनलोड करा, रोज पाच पानं नियम वाचा. महिनाभरात कळतं की या कामात मन रमतं की नाही. रमलं नाही तर एक रुपयाही बुडालेला नसतो. सीपीटीवर मात्र मालकी हक्क असल्यामुळे ते पुस्तक विकत घ्यावं लागतं. क्लास लावायचाच असेल तर या टप्प्यावर लावावा.

कंपन्या विचारतात ते मुख्य प्रमाणपत्र म्हणजे एएपीसी या अमेरिकन संस्थेचं सीपीसी. दुसरी संस्था अहिमा, तिच्या सीसीए आणि सीसीएस या परीक्षा आहेत. सीपीसीत १०० प्रश्न, ४ तास आणि पास व्हायला ७० टक्के. पुस्तकं उघडून बघायची परवानगी असते, तरी मुलं नापास होतात, कारण एका प्रश्नाला अडीच मिनिटंही मिळत नाहीत. परीक्षा घरून कॅमेऱ्यासमोरही देता येते. फी डॉलरमध्ये असते, सदस्यत्वाची फी वेगळी, आणि प्रमाणपत्र टिकवायला दर दोन वर्षांनी ३६ सीईयू गुण दाखवावे लागतात. नवीन पास झालेल्याच्या नावापुढे सीपीसी-ए लागतं. हा ‘ए’ म्हणजे शिकाऊ, अनुभवानंतर तो निघतो.

आमच्या ओळखीच्या एका पालकांनी मुलीसाठी एका क्लासला मोठी रक्कम दिली. हाती आलं ते क्लासचंच छापील सर्टिफिकेट. मुलाखतीत त्याची कुणी दखलही घेतली नाही. म्हणून फी भरण्याआधी लेखी विचारा : सीपीसीची परीक्षा फी यात आहे का? पुस्तकं चालू वर्षाची देणार का? शिकवणाऱ्याकडे स्वतःचं प्रमाणपत्र आहे का? ‘शंभर टक्के प्लेसमेंट’ म्हणणाऱ्याला कुठल्या कंपनीत, किती पगारावर, हे विचारलं की सूर बदलतो.

पात्रतेचं स्पष्ट सांगायला हवं. सीपीसी परीक्षेला पदवीची अट नाही, पण आपल्याकडच्या कंपन्या कोडिंगसाठी बहुधा बीएस्सी, बीफार्म, नर्सिंग, फिजिओथेरपी, बीएचएमएस, बीयूएमएस अशांनाच बोलावतात. आर्ट्स-कॉमर्सवाल्यांसाठी बिलिंगची वाट जास्त मोकळी आहे. त्यात विमा कंपनीला फोन करण्याचं काम अमेरिकेच्या वेळेनुसार, म्हणजे रात्री असतं. कोडिंग बहुतेक दिवसा चालतं. मुलींच्या पालकांनी हा फरक आधीच विचारून घ्यावा. घरून काम मिळतं, पण सहसा अनुभव आल्यावर. रुग्णाची माहिती अमेरिकेच्या १९९६ च्या हिपा कायद्याखाली गोपनीय असते, त्यामुळे नवख्याला बहुतेक ठिकाणी ऑफिसातच बसवतात. सोपे कोड आता सॉफ्टवेअरही लावू लागलं आहे, तेव्हा तपासणीचं आणि अवघड केसचं काम येईल इतपत तयारी हवी.

आपल्या गावातही या शिक्षणाला अगदीच जागा नाही असं नाही. भारतातल्या आरोग्य विम्याच्या क्लेम फॉर्ममध्ये हॉस्पिटलने भरायच्या भागात आयसीडी-१० चे रकाने असतात. कॅशलेस घेणाऱ्या हॉस्पिटलचा टीपीए डेस्क, महात्मा जोतिराव फुले जन आरोग्य योजनेची कागदपत्रं, इथे ही भाषा जाणणारा माणूस लागतो. पगार लहान असतो, पण रुग्णाच्या फायली रोज हाताखालून जातात, आणि पुढे सीपीसी देताना ते वाचन कामाला येतं.

जुनी पुस्तकं स्वस्तात मिळतात, सरावाला चांगली. पण आयसीडी दर १ ऑक्टोबरला आणि सीपीटी दर १ जानेवारीला बदलतं, त्यामुळे परीक्षेला बसण्याआधी मुखपृष्ठावरचं वर्ष बघून घ्या.